‘पिच्छा पुरवणे’ आणि ‘पाठपुरावा करणे’ यांत नेमका भेद कोणता?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गल्लीतील पावसाळी गटाराचे काम अर्धवट पडून आहे. त्याबद्दल रहिवाशांच्या वतीने स्मरणपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यात मी ‘या कामाचा आम्ही गेले आठ महिने पिच्छा पुरवीत आहोत’ असे वाक्य घातले. पत्राची पोच घ्यायला गेलो, तेव्हा आवक टेबलावरच्या गृहस्थांनी ते वाक्य दोनदा वाचले, ‘पिच्छा’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि “आमचा पिच्छा पुरवताय व्हय, काका?” असे हसत विचारून शिक्का मारला. पोच मिळाली, पण रुखरुख राहिली.

माझ्या समजुतीप्रमाणे या क्रियापदाचा अर्थ ‘चिकाटीने मागे लागणे’ एवढाच आहे. मुलगी म्हणते की तेथे ‘पाठपुरावा करीत आहोत’ असेच हवे होते. दोन्हींत ‘पुरवणे’ आहेच, मग एक सभ्य आणि दुसरा त्रासदायक का? शिवाय पुरवणे म्हणजे देणे, जसे पाणी पुरवणे. त्याचा मागे लागण्याशी संबंध कसा आला? पुढच्या पत्रात तगादा, लकडा, ससेमिरा यांपैकी काही चालेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

मेणवली घाट (वाई) यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातील ‘पुरवणे’चा भाग आधी घेतो, कारण गाठ तेथेच आहे. पुरवणे हे ‘पुरणे’चे प्रयोजक रूप असून पुरणे म्हणजे अखेरपर्यंत टिकणे, कमी न पडणे. पाणी पुरवणे याचा मूळ आशय नुसते पाणी देणे असा नसून ते पुरेल असे करणे हा आहे. मुलाचा हट्ट पुरवतात, डोहाळे पुरवतात, कोड पुरवतात, तेव्हाही देण्यापेक्षा शेवटाला नेण्याचाच अर्थ पुढे असतो. त्याच न्यायाने पिच्छा पुरवणे म्हणजे मागे जाणे मध्येच न सोडता शेवटपर्यंत चालू ठेवणे. म्हणूनच त्याच्या उलट आपण ‘पिच्छा सोडणे’ म्हणतो.

‘पाठपुरावा’मधील ‘पाठ’ हा धड्याचा पाठ नव्हे. तो पाठ पुल्लिंगी, तर ही पाठ स्त्रीलिंगी, संस्कृत ‘पृष्ठ’वरून आलेली, म्हणजे आपली पाठकणा असलेली पाठ. पुढे चाललेल्याची पाठ नजरेआड होऊ न देणे, असे चित्र मी मनाशी धरतो. तेव्हा दोन्ही शब्दांची घडण जवळजवळ सारखी आहे आणि आपला गोंधळ अगदीच अनाठायी नाही.

भेद पडतो तो व्याकरणात. पाठपुरावा कामाचा करतात आणि तो कोणाकडे तरी करतात: ‘रस्त्याच्या कामाचा वरिष्ठांकडे पाठपुरावा केला.’ काम एकीकडे, माणूस दुसरीकडे आणि मध्ये ‘कडे’ हे सौम्य अव्यय. पिच्छा मात्र थेट माणसाचा पुरवतात: चोराचा, कर्जदाराचा, फार तर रस्त्यात एखादे कुत्रे आपला पुरवते. आपण ‘कामाचा पिच्छा’ लिहिलेत, पण ज्याच्या टेबलावर ते काम पडून आहे त्याला ‘आपला पिच्छा’ असेच ऐकू येणार. त्या गृहस्थांचे कान शाबूत आहेत, असे म्हणावे लागेल.

हळदबाजार (सांगली) यांचे उत्तर

तगाद्यापुरते सांगतो, कारण आमचा दिवस त्यातच जातो. हा शब्द अरबी-फारसीतून आला. हिंदीतील तकाजा तो हाच. आमच्याकडे उधारीवर माल उचललेला व्यापारी ठरल्या तारखेला रक्कम पोचवीत नाही, तेव्हा दिवाणजी आधी आठवण करतो, मग तगादा लावतो. आठवणीला तगादा म्हटले तर गिऱ्हाईक दुखावते आणि तगाद्याला आठवण म्हटले तर पैसे येत नाहीत. इतर गोष्टींसाठीही तगादा लावतात, पण देणे अंगावर असल्याचा वास त्या शब्दाला राहतोच. गटार हे आपले येणे आहे असे आपण मानत असाल, तर तगादा लावण्याला माझी हरकत नाही. पत्रात मात्र तो लिहू नये.

लकडा, धोशा, टुमणे हे सारे तोंडाचे प्रकार. लकड्यात घाई असते, धोशात तेच तेच बोलणे असते, आणि टुमणे बहुधा पोरांचे, जत्रेतल्या खेळण्यासाठी लावलेले. आमची आजी आणखी एक शब्द वापरत असे, ‘खनपटीला बसणे’. होकार मिळेपर्यंत समोरच्याला उठू न देणारा माणूस त्यातून डोळ्यांपुढे उभा राहतो. हा शब्द हल्ली कमी ऐकू येतो, याचे वाईट वाटते.

प्रीतिसंगम (कराड) यांचे उत्तर

ससेमिरा पत्रात घालू नये, कारण तो ज्याच्या मागे लागतो त्यानेच उच्चारायचा शब्द आहे. ‘चौकशीचा ससेमिरा मागे लागला’ असे कोणीही म्हणेल. ‘आम्ही ससेमिरा लावला आहे’ असे लिहिणे म्हणजे आपला उपद्रव आपणच कबूल करणे.

त्यामागची कथा सिंहासनबत्तिशीच्या परंपरेत येते. वाघाच्या भीतीने झाडावर चढलेल्या राजपुत्राला तेथील अस्वलाने आश्रय दिला. अस्वल झोपल्यावर राजपुत्राने त्याला खाली लोटले. अस्वल फांदीला धरून वाचले आणि राजपुत्र वेडा होऊन ‘ससेमिरा’ एवढेच बडबडत राहिला. पुढे त्याला मित्रद्रोहाच्या पापाचे चार श्लोक ऐकवले गेले, ज्यांची पहिली अक्षरे अनुक्रमे स, से, मि, रा अशी होती. एकेका श्लोकागणिक एकेक अक्षर गळत गेले, सेमिरा, मिरा, रा, आणि शेवटी तो शुद्धीवर आला.

अजिंक्यतारा (सातारा) यांचे उत्तर

वाईकरांचे म्हणणे मान्य, पण व्याकरणाइतकाच बोलणारा कोण हाही प्रश्न आहे. १८३९ साली कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे राहून त्यांनी कंपनीच्या संचालकांकडे व पार्लमेंटच्या सभासदांकडे दाद मागणे चालू ठेवले. मधल्या काळात, १८४७ मध्ये, महाराज काशीतच वारले. १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले. तरी ते मागे हटले नाहीत. आम्ही सातारकर याला पाठपुरावा म्हणतो. संचालकांना मराठी येत असते, तर त्यांनी खात्रीने ‘पिच्छा’ हाच शब्द निवडला असता.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. रंगो बापूजींना यश आले नाही, तरी त्यांनी पाठपुरावा केला हे वाक्य खरेच राहते, कारण या शब्दात चिकाटी आहे, फळ नाही. छडा लावणे, तडीस नेणे, धसास लावणे यांत शेवट गृहीत असतो. गटार पूर्ण होईपर्यंत ‘काम धसास लावले’ असे आपल्याला लिहिता येणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचा आभारी आहे. नवे वाक्य असे केले आहे: ‘सदर कामाचा आम्ही आपल्या कार्यालयाकडे गेले आठ महिने सातत्याने पाठपुरावा करीत आहोत.’ मुलीने ‘सातत्याने’ खोडायला लावले. आठ महिने म्हटल्यावर ते आलेच, असे तिचे म्हणणे. सोमवारी पत्र घेऊन त्याच टेबलावर जाणार आहे.

मेणवली घाट (वाई)

मुलीचे बरोबर आहे. मात्र ‘आठ महिने’च्या जागी पहिल्या अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक घाला, तेथे शब्दापेक्षा तो अधिक वाचला जातो.