मदत हवी आहे : नव्या आयोगात सुईणीचं काम करणाऱ्यांच्या बाजूने कोण बोलणार?

नमस्कार मंडळी. मी एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), १४ वर्षं उपकेंद्रात बाळंतपणं करतेय. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला. नावात मिडवायफरी (सुईणीचं काम) आली, छान वाटलं. पण आयोगावर आमच्यासारख्या, रात्री दोनला बाळ हातात घेणाऱ्या बाईला जागा आहे का? की पुन्हा प्राचार्य आणि अधिकारीच? १८ महिन्यांचं मिडवाइफ प्रशिक्षणही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), बीएस्सी नर्सिंगवाल्यांना; आम्ही बाहेरच.

या कायद्यातल्या राज्य आयोगाबद्दल कुणाला नक्की माहिती आहे का? निवेदन कुणाकडे द्यायचं? आणि महाराष्ट्र नर्सिंग परिषदेची जुनी नोंदणी तशीच चालेल ना? सहकारी ताई रोज विचारतात, मी गप्प.