रिक्वायरमेंट्स वर्डमधून गिटवर नेताना क्रमांक आणि टेस्टच्या लिंक कशा टिकवायच्या?

टेस्टबेंच: मंडळी, ब्रेक कंट्रोलरच्या सुमारे ४०० रिक्वायरमेंट्स एकाच वर्ड फाइलमध्ये आहेत आणि सहा जण तिच्यात बदल करतात. मध्ये एक कलम घातलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, मग टेस्ट शीटमधला ‘४.३.७’ भलत्याच कलमाचा निघतो. गिटवर, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीवर, जायचं ठरलंय. रिक्वायरमेंट्स सांभाळणारं डोअरस्टॉप हे टूल कसं वाटतं?

यॅमलकर: जरूर घ्या. तुमच्याकडे कलमाची जागा हीच त्याची ओळख झालीय, दुखणं तिथे आहे. डोअरस्टॉपमध्ये प्रत्येक रिक्वायरमेंटची वेगळी यॅमल फाइल (साध्या मजकुराची, ठरावीक मांडणीची) असते. फाइलचं नाव ही तिची ओळख, ती कायमची. जागा आतल्या ‘लेव्हल’मध्ये, ती हवी तेव्हा बदला. डॉक्युमेंट तयार करतानाच चार अंकी क्रमांक ठरवा, मुळात तीनच मिळतात. रद्द झालेली रिक्वायरमेंट डिलीट न करता ‘ॲक्टिव्ह’ फॉल्स करा. सगळ्यात शेवटची फाइल उडवली तर पुढचं ‘ॲड’ (नवी रिक्वायरमेंट घालणारी कमांड) तोच क्रमांक पुन्हा देतं.

खरा घोळ ब्रांचवर, म्हणजे प्रत्येकाच्या कामाच्या वेगळ्या प्रतीवर, होतो. दोघांनी आपापल्या ब्रांचवर ‘ॲड’ केलं की दोघांनाही आरईक्यू०४१३ मिळतो. मर्जला, म्हणजे ब्रांच एकत्र करताना, त्या फाइलवर कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) येतो, तो दिसतो तरी. पण दुसऱ्या ब्रांचवरच्या टेस्टमधली आरईक्यू०४१३ची लिंक बिनबोभाट मर्ज होते आणि पहिल्याच्या रिक्वायरमेंटला चिकटते. म्हणून मागून येणाऱ्याने आधी नवा क्रमांक घ्यायचा, आपल्या टेस्टच्या लिंक बदलायच्या, मगच मर्ज. दोन मजकूर एका फाइलमध्ये कोंबून कॉन्फ्लिक्ट मिटवू नका.

आणि एका ओळीत एकच वाक्य लिहा. डिफ (दोन आवृत्त्यांमधला फरक) वाचणाऱ्याचे डोळे वाचतील.

लिंकपारखी: वर्डमध्ये जे नाही ते इथे आहे: टेस्टच्या फाइलमध्ये लिंकसोबत रिक्वायरमेंटचा हॅशही (मजकुरावरून काढलेला ठसा) राहतो. ‘१५० मिलिसेकंदांत’चं ‘१२०’ केलं की हॅश जुळत नाही आणि लिंक ‘सस्पेक्ट’ ठरते. टेस्ट उघडून, आकडा तपासून मग ‘क्लिअर’. बदललेल्या रिक्वायरमेंटला ‘रिव्ह्यू’. घाईच्या दिवशी कुणीतरी ‘क्लिअर ऑल’ मारतो आणि न पाहिलेल्या लिंकही हिरव्या होतात. ‘क्लिअर’ने टेस्टचीच फाइल बदलते, तेव्हा कोडओनर्समध्ये (कुठल्या फाइलला कुणाची मंजुरी लागते ती यादी) त्या फोल्डरवर टेस्ट लीड ठेवा आणि त्याची मंजुरी सक्तीची करा. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) ‘एरर-ऑल’ लावा, म्हणजे वॉर्निंगही एरर धरल्या जातील, नाहीतर वॉर्निंग लॉगमध्येच पडून राहतात.

टेस्टबेंच: हे पटलं. पण ग्राहकाला रेक्इफ (टूल्समध्ये रिक्वायरमेंट्सची देवाणघेवाण करायचा फॉरमॅट) फाइल लागते.

यॅमलकर: मग स्ट्रिक्टडॉक हे असंच दुसरं टूल आधी पाहा, ते रेक्इफ वाचतं आणि लिहितं. रोज देवाणघेवाण असेल तर हाच मुद्दा निर्णायक धरा. तक्ता, चित्र आणि क्रमवार यादी असलेल्या दहा रिक्वायरमेंट्स निवडा, ग्राहकाच्या टूलमध्ये पाठवून परत मागवा, मूळ फाइलशी डिफ करा. साधा मजकूर सहसा तरतो, तक्ते आणि चित्रंच बिघडतात.

आयएसओ २६२६२ (वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेचं मानक) लागू असेल तर भाग ८चं कलम ११, म्हणजे सॉफ्टवेअर टूलवर किती विसंबायचं ते, विसरू नका: लिंक तुटलेली असूनही टूलने ‘ठीक’ म्हटलं तर ते कुठल्या टप्प्यावर पकडलं जाईल, हे लिहून द्यावं लागतं.