रिसेप्टरला मराठीत काय म्हणायचं? आणि टार्गेटेड थेरपीला?

मावशीच्या (सिडको, नाशिक) स्तनाच्या गाठीचा रिपोर्ट आलाय, हर-टू रिसेप्टर ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) निगेटिव्ह. पॉझिटिव्ह म्हटलं की तिला वाटतं काहीतरी आणखी वाईट निघालं. तिला नीट मराठीत सांगायचंय, एका ठिकाणी 'ग्राहक' वाचलं पण ते काही पटत नाही.

↳ ग्राही म्हणा. ग्राहक म्हटलं की गिऱ्हाईकच डोळ्यासमोर येतं. ग्राही म्हणजे घेणारा, हृदयग्राही मधला. पेशीवर किंवा पेशीच्या आत असलेलं प्रथिन, बाहेरून आलेला निरोप घेतं आणि आत पोचवतं. हर-टू पेशीपटलावर असतं, निरोगी पेशीतही असतं, पण काही गाठींत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात आणि हे ग्राही इतके दाटीवाटीने होतात की एकमेकांशी जोड्या जमवून 'वाढ, वाढ' हाच निरोप आत पाठवत राहतात. ३+ म्हणजे तपासणीत रंग दिल्यावर मायक्रोस्कोपखाली पेशींच्या कडेने सलग गडद तपकिरी रेघ दिसते, जाळीसारखी. ईआर मात्र केंद्रकात असतो म्हणून तिथे रंग मधोमध येतो. २+ आला की फिश टेस्ट (जनुकाच्या प्रती मोजणारी) करतात, ३+ ला सहसा लागत नाही. मावशींना एवढंच सांगा की पॉझिटिव्ह म्हणजे औषधाला धरायला जागा सापडली.

↳ टार्गेटेडला मी लक्ष्यवेधी म्हणते. पण त्यात दोन वेगळे प्रकार आहेत आणि औषधाच्या नावावरूनच कळतात. शेवटी मॅब असेल तर ते प्रतिपिंड (अँटीबॉडी), रेणू मोठा, पेशीच्या आत शिरत नाही, बाहेरून ग्राहीला चिकटतो, जसं ट्रास्टुझुमॅब, अमेरिकेत १९९८ ला मान्यता मिळाली. शेवटी निब असेल तर छोटा रेणू, बहुतेक गोळीच असते, आत जाऊन निरोप पुढे नेणारं विकर (एन्झाइम) अडवतो. इमॅटिनिब (२००१) तर पेशीपटलावरच्या ग्राहीवर नाही, रक्ताच्या एका कॅन्सरमधे पेशीच्या आत तयार झालेल्या बिघडलेल्या विकरावर काम करतं, म्हणून लक्ष्य म्हणजे ग्राहीच असं धरू नका.

↳ लक्ष्यवेधी शब्द छानच आहे पण तो ऐकून घरच्यांना वाटतं की बाकी शरीराला धक्काच नाही. हर-टू हृदयाच्या स्नायूतही असतं हो, त्यामुळे ट्रास्टुझुमॅबने काहींचं हृदयाचं पंपिंग कमी होतं. ते औषध ठरलं तर सुरू करायच्या आधी आणि मधेमधे टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) सांगतील, मावशींना आधीच कल्पना द्या, आणि एकोची तारीख चुकवू नका.