टायपिंगचा खरा स्पीड कसा मोजायचा आणि वाढवायचा? (मराठी ३०, इंग्रजी ४० साठी)

अनेरकाठ (चोपडा)

नमस्कार. लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करते आहे. मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, मला दोन्ही काढायची आहेत.

घरी लॅपटॉपवर मंकीटाइप (टायपिंगचा स्पीड मोजणारी साइट) लावलं की इंग्रजी ४२-४३ दाखवतं. क्लासमध्ये छापील उतारा ठेवून दहा मिनिटं घेतली की सर ३१ सांगतात. इतका फरक कसा? नेमका कोणता आकडा धरायचा? मराठी इनस्क्रिप्ट कळफलकावर शिकते, तिथे २० च्या आसपास गाडी अडकली आहे. मैत्रीण म्हणते इनस्क्रिप्ट सोड, रेमिंग्टन कळफलक घे, स्पीड लगेच येईल. सोडू का? ज्यांनी परीक्षा दिली आहे किंवा रोज हेच काम करतात त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

जुनी रिबन (धुळे)

ताई, मी गोदरेजच्या टाइपरायटर मशीनवर शिकलो आणि पुढे बरीच वर्षं शिकवलं. क्लासचा आकडा धरा. का, ते सांगतो.

टायपिंगच्या हिशेबात शब्द म्हणजे पाच कळा, स्पेसही त्यात मोजतात. कर्मचारी निवड आयोगाच्या सीएचएसएल (बारावी पातळीच्या) परीक्षेत इंग्रजीला मिनिटाला ३५ शब्द मागतात आणि त्याच्या जोडीला तासाला १०,५०० कळा असंही दिलेलं असतं. ३५ गुणिले ५ गुणिले ६०, बरोबर तेवढंच येतं. हिंदीला ३० शब्द, म्हणजे ९,००० कळा.

आता तुमचा उतारा घेऊ. समजा दहा मिनिटांत १,६४० कळा दाबल्या. पाचने भागलं, ३२८ शब्द. मिनिटाला ३२.८, हा झाला ढोबळ वेग. त्यात १७ चुका राहिल्या असतील तर ३२८ मधून १७ वजा, उरले ३११. मिनिटाला ३१.१, हा निव्वळ वेग. चुकांची वजाबाकी प्रत्येक परीक्षेत अशीच असते असं नाही, म्हणून ज्या परीक्षेला बसणार तिची सूचना आधी वाचा. पण सराव करताना हा हिशेब वहीत रोज मांडा.

मंकीटाइप खोटं बोलत नाही, पण तुम्ही त्याला सोपं काम दिलं आहे. काही न बदलता उघडलं तर तिथे इंग्रजीतले सगळ्यात जास्त वापरातले २०० शब्द येतात, कॅपिटल नाही, स्वल्पविराम नाही, आकडे नाहीत, आणि वेळ ३० सेकंद. अर्धा मिनिट कुणाचाही हात चालतो. परीक्षेच्या उताऱ्यात विशेषनामं असतात, तारखा असतात, आणि सातव्या-आठव्या मिनिटाला खांदे भरून येतात. वरच्या पट्टीत विरामचिन्हं आणि अंक चालू करा, वेळ ६०० सेकंद ठेवा, किंवा कस्टममध्ये स्वतःचा उतारा टाका. मग तोही क्लासच्या जवळपास येईल.

मराठीत तर मोजणीचा घोळ आणखी मोठा. 'विद्यार्थ्यांनी' हा दिसायला एक शब्द. इनस्क्रिप्टवर त्याला १५ कळा लागतात, म्हणजे पाचच्या हिशेबाने तीन शब्द. स्पेसपर्यंतचा शब्द एक धरून मोजाल तर मराठीचा आकडा उगाच कमी दिसेल आणि मन खचेल. तुमचे २० कसे मोजले आहेत ते बघा बरं.

आणि स्पीड वाढवायचा म्हणजे हात पळवायचा नाही, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. मिनिटाला ४० म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वातीन-साडेतीन कळा. एक चूक दिसली, बॅकस्पेस मारला, बरोबर कळ दाबली, यात दीड सेकंद गेला तर पाच कळा गेल्या. एक शब्द गेला. मिनिटाला चार चुका दुरुस्त करणाऱ्याचे चार शब्द तिथेच संपतात, कागदावर मात्र एकही चूक दिसत नाही. म्हणून आधी अचूकता ९७-९८ टक्क्यांवर आणा, त्यासाठी वेग २५ वर उतरला तरी उतरू द्या. तो परत येतो आणि टिकून येतो. माझ्याकडे शिकून ४० च्या पुढे गेलेली मुलं सुरुवातीला सावकाश आणि एका ठेक्यात मारणारी होती.

तापीकाठचा डीटीपीवाला (भुसावळ)

रेमिंग्टनचं मी सांगतो, माझं रोजचं काम त्यावरच आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीचे अहवाल. आमच्या धंद्यात कृतिदेवसारखे जुने फॉन्ट अजून चालतात म्हणून रेमिंग्टन. ते टाइपरायटरच्या चालीने चालतं: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, रफार अक्षराच्या नंतर. इनस्क्रिप्टमध्ये उलट, जसं बोलतो तसं. 'कि' साठी आधी क मग वेलांटी, 'धर्म' साठी ध, र, हलन्त (पाय मोडायची कळ), म.

जी आधी टाइपरायटरवर शिकली तिला रेमिंग्टन पटकन येतं, बाकीच्यांना काही खास पटकन येत नाही. ताई, तू इनस्क्रिप्टवर २० पर्यंत आली आहेस, आता बदललं तर बोटं दोन्हीकडे गोंधळतील. फक्त एक गोष्ट आजच कर: जी परीक्षा द्यायची तिथे कोणता कळफलक चालतो ते क्लासमधून आणि परीक्षेच्या सूचनेतून पक्कं करून घे. इनस्क्रिप्ट चालत असेल तर तोच ठेव. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की तो आपोआप येतो, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही.

सातपुडा_०२५६५ (शहादा)

मी शासकीय कार्यालयात टंकलेखनाचंच काम करते, इनस्क्रिप्टवर. ताई, २० ला अडकण्याचं कारण बहुतेक डाव्या हातात सापडेल.

इनस्क्रिप्टची रचना फार विचार करून केलेली आहे. व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला. त्यामुळे 'काका', 'तारीख' असं टाइप करताना हात आळीपाळीने चालतात आणि लय लागते. क-ख एकाच बटणावर, त-थ एकाच, प-फ एकाच. शिफ्ट दाबली की महाप्राण. मात्रेवर शिफ्ट दाबली की पूर्ण स्वर. म्हणजे निम्मा कळफलक पाठ झाला की बाकीचा निम्मा आलाच.

पण म, न आणि व ही तीन अक्षरं डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत. 'नमुना' टाइप करून बघा. पाचही कळा डाव्या हाताच्या. 'नाव', 'मानव', तेही सगळे डाव्या हाताचे. 'विनंती'त एक त सोडला तर बाकी सगळं डावीकडे. आणि आपल्या कार्यालयीन मराठीत हेच शब्द पानापानावर येतात! इथे बोटं अडखळतात आणि सरासरी खाली येते. या शब्दांची वेगळी ओळ करून रोज सुरुवातीला दहा मिनिटं फक्त तीच मारा: नमुना, विनंती, नाव, मान्यता, नवीन, निवेदन, विमान, मुनीम. माझा स्वतःचा वेग याच सरावाने मोकळा झाला.

दुसरं म्हणजे शिफ्ट नेहमी विरुद्ध हाताने. ख, थ, भ, ळ उजव्या हाताचे, मग शिफ्ट डाव्या करंगळीने. आणि क्ष, ज्ञ, त्र, श्र ही अंकांच्या ओळीत शिफ्टसोबत थेट मिळतात, ती पाठ करा. 'दुसऱ्या' मधला ऱ्य बऱ्याच जणांना सापडत नाही: र च्या बटणावर शिफ्ट, मग हलन्त, मग य.

सरावासाठी शासन निर्णय घ्या. शासनाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. 'उपरोक्त', 'कार्यवाही', 'जिल्हाधिकारी' हे शब्द बोटांत बसले की परीक्षेचा उतारा अनोळखी वाटत नाही.

अनेरकाठ

सर, ताई, भाऊ, मनापासून आभार. मी मराठी स्पेसवरूनच मोजत होते! पाच कळांनी मोजलं तर २६ येतात. नमुना आणि विनंती मारून पाहिले, खरंच तिथेच हात अडतो.

अजून दोन प्रश्न. आमच्याकडे लाइट फार जाते, आणि उन्हाळ्यात दुपारी खोलीत बसवत नाही. लॅपटॉपवरच सराव चालू ठेवू की डेस्कटॉपचा कीबोर्ड घेऊ? आणि तासाभराने मनगट दुखतं, ते कशाने?

केळीपट्टा (रावेर)

ताई, साधा वायरवाला यूएसबी कीबोर्ड घे, महाग नसतो. परीक्षेला डेस्कटॉपचाच असतो, त्याची बटणं लॅपटॉपपेक्षा खोल दाबली जातात, बोटांना आधीच सवय हवी. लॅपटॉपलाही तोच लाव. लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी उतरली तर ओटीजी (यूएसबी मोबाइलला लावायची छोटी पिन) लावून तोच कीबोर्ड मोबाइलला जोड, इंग्रजीचा सराव थांबत नाही. मी एप्रिल-मे मध्ये पहाटेच बसायचो. व्हई जाई, घाबरू नको.

जुनी रिबन

२६ आहेत ना, मग ३० लांब नाहीत.

मनगटाचं मनावर घ्या. मनगट टेबलाच्या कडेवर टेकवून टाइप करता का? टेकवू नका, हात अधांतरी राहू द्या. कोपर काटकोनात, खुर्ची कमी उंचीची असेल तर खाली जाड चादर घाला, पाय जमिनीला टेकलेले. कीबोर्डचे मागचे दोन पाय उभे करू नका, त्याने मनगट मागे वाकतं. कळ जोरात ठोकायची गरज नाही, ती सवय आम्हा मशीनवाल्यांची. वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठा. तरी दुखणं राहिलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

उतारा नेहमी डोळ्यांच्या उंचीला उभा ठेवा, टेबलावर आडवा नको. नजर कागदावर, बोटांकडे नाही. डाव्या-उजव्या तर्जनीखाली जे दोन उंचवटे असतात, इनस्क्रिप्टमध्ये तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि र आहेत. तेवढे चाचपून हात ठेवला की खाली बघावं लागत नाही.

रविवारी दहा मिनिटांचा एक उतारा घ्या आणि एकूण कळा, राहिलेल्या चुका आणि कोणत्या अक्षरावर चुकलं ते इथे टाका. अक्षरं कळली की पुढच्या आठवड्याचा सराव मी लिहून देतो.