मदत हवी आहे: हा रानभात कोणत्या जातीचा, रुफिपोगॉन की निवारा?

दोन तळ्यांत रानभात सापडलाय. एकात कमरेएवढं पाणी, दुसरं आटत आलेलं. दोन्हीकडच्या लोंब्यांना बोटभर लांब, तांबूस कुसळं. टोकाकडून दाण्याकडे बोट फिरवलं की खरखरतं, उलट फिरवलं की गुळगुळीत. पाकिटात घालून आणल्या, तर घरी पोचेपर्यंत दाणे गळून नुसत्या काड्या उरल्या!

ओरायझा रुफिपोगॉन बहुवर्षायू आणि ओरायझा निवारा वर्षायू, एवढं वाचलंय. पण समोर एकच झाड असताना ते पुढच्या वर्षी जगणार की नाही, हे आज कसं कळायचं? पाणथळी बुजत चालल्यात, त्यामुळे उपटून बघायला हात धजत नाही.

उत्तर १: उपटू नकाच. कुसळांवरूनही ठरवू नका, दोघांचीही लांब असतात. परागकोश मोजा. फुलं सकाळी उशिरा उघडतात, तेव्हा भिंग आणि पट्टी घेऊन जा. रुफिपोगॉनचे परागकोश लांब, साधारण ४ ते ६ मिमी, बाहेर लोंबत असतात. तो बराचसा परपरागण करतो. निवारा बहुतेक स्वतःच्याच परागावर भागवतो, त्याचे जेमतेम २ मिमी.

मग चिखलात हात घालून बुंधा चाचपा. खालच्या पेरांना मुळं फुटलेली आणि तिथूनच नवे धुमारे आलेले असतील तर रुफिपोगॉन.

उत्तर २: एक भर. निवाराला वेगळी जात म्हणून नाव मिळालं १९६५ साली, नीवार या संस्कृत शब्दावरून. आजही काही जण त्याला रुफिपोगॉनचाच वर्षायू प्रकार मानतात. दोघांची गुणसूत्रं २४, लागवडीच्या भाताचीही तेवढीच, त्यामुळे शेजारी शेत असेल तर संकर होतो आणि अधलीमधली झाडं मिळतात. अशा झाडाला ओढूनताणून नाव देऊ नका. पण नोंद मात्र नीट ठेवा. भाताची रोपं खुरटवणाऱ्या ग्रासी स्टंट विषाणूला दाद न देणारा भात शोधताना ६,००० हून जास्त नमुने तपासले, तेव्हा कामी आला तो निवाराच. तोच गुण पुढे आयआर-३६ या लागवडीच्या भाताच्या वाणात आला.

धागाकर्ता: आभार! आज खोल तळ्यात पाच फुलं मोजली, सगळी ५ मिमीच्या आसपास. बुंध्यालाही धुमारे लागले हाताला. उथळ तळ्यात मात्र फुलोरा संपलाय, दाणेही गळून गेलेत. तिथे वाळक्या काडांवरून काही सांगता येईल का, की पुढच्या हंगामाची वाट बघू?