कम्फर्ट झोन सोडायचं धाडस माणसं आणतात कुठून?

अबोली

वय ४३. एका कंपनीत आकडेमोडीचं काम करते. विभागांकडून आलेली माहिती तपासायची, जुळवायची, तिमाही अहवाल तयार करायचा. काम मला चांगलं येतं. घोडं अडतं ते पुढे. अहवाल मी करते, बैठकीत तो मांडतो शेजारच्या टेबलावरचा सहकारी. मी त्याच्या मागच्या खुर्चीत. कुणी आडवा प्रश्न विचारला की चिठ्ठीवर उत्तर लिहून पुढे सरकवते. वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि दोघांच्याही सोयीचं आहे. त्याला नाव मिळतं, मला शांतता.

आता तो नोकरी सोडून चाललाय आणि तो गेल्यावर अहवाल मीच मांडायचा असं ठरलंय. समोर वीसेक माणसं, बहुतेक ओळखीचीच. तरी नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो. बोलायला उभी राहिले की आवाज बारीक होतो, मान लाल होते (म्हणून बैठकीच्या दिवशी गळ्यात स्कार्फ), आणि तोंडपाठ आकडा ऐनवेळी दगा देतो. यापायी एक बढतीही नाकारून झाली आहे.

"पाण्यात पडलं की आपोआप पोहता येतं" हे सगळ्यांकडून ऐकलंय, ते कृपया नको. मला एवढंच कळत नाही की भीती आधी ओसरते आणि मग माणूस उभा राहतो, की उलटं असतं?

तिरकस

मिठाचा खडा टाकतो, राग मानू नका. प्रत्येकाने आपलं कुंपण मोडलंच पाहिजे असा फतवा कुणी काढलाय? मागच्या खुर्चीत बसून उत्तम काम करणाऱ्या माणसांवर जग चालतं. उभं राहावंसं तुम्हाला वाटतंय, की साहेबांना?

आणि आता कुणीतरी तो ताण आणि कामगिरीचा घंटेच्या आकाराचा आलेख चिकटवेल, "थोडा ताण चांगला" वगैरे. त्याचं मूळ म्हणून ज्याचा हवाला देतात तो यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांचा १९०८ चा प्रयोग उंदरांवरचा आहे. पांढरी पेटी आणि काळी पेटी, काळीत शिरलं की विजेचा झटका. दोन्ही पेट्यांतला फरक ओळखायला सोपा होता तेव्हा जोरदार झटक्यानेही उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं अवघड केल्यावर मात्र मध्यम झटकाच बरा ठरला. यात धाडस कुठे आलं? उंदरांना बढती नाकारायची सोय नव्हती.

अबोली

@तिरकस, राग कसला. प्रश्न रास्त आहे, दोन दिवस डोक्यात घोळत होता. मला स्वतःलाच बोलायचंय. कारण असं की तो सहकारी अहवाल मांडताना कधीकधी आकड्याचा अर्थच फिरवतो. "खर्च घटला" म्हणतो, प्रत्यक्षात ते बिल पुढच्या तिमाहीत ढकललेलं असतं. मला दिसत असतं आणि मी गप्प बसते. ते खुपतं.

मनोवेध

हे कारण सापडलं ते बरं झालं. "आत्मविश्वास वाढवायचा आहे" एवढ्यावर कुणी फार काळ टिकत नाही, "बिलाबद्दल खरं सांगायचंय" यावर टिकतं.

मी समुपदेशन करते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: उलटं असतं. बोलणं टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि ती सुटका हेच टाळण्याचं बक्षीस ठरतं. पुढच्या वेळी मन पुन्हा तिकडेच धावतं. शिवाय उभं राहिलं असतं तर नेमकं काय झालं असतं, याचा पडताळा कधीच येत नाही. भीती वर्षानुवर्षं न तपासलेली राहते. तुमच्या भाषेत, ताळेबंद जुळवलाच जात नाही.

आता चिठ्ठी आणि स्कार्फ. पॉल साल्कोव्स्किस या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये अशा वागण्याकडे लक्ष वेधलं. घात होऊ नये म्हणून आपण काहीतरी आधार धरतो, घात होत नाही, आणि श्रेय आधाराला जातं. "स्कार्फ होता म्हणून निभावलं." म्हणजे बैठक पार पडूनही शिकणं शून्य. कागदावरून शब्दन् शब्द वाचणं, घाईघाईत उरकणं, कुणाच्याच नजरेला नजर न देणं, हे त्याचेच भाऊबंद.

म्हणून आम्ही भीतीची शिडी करतो. जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात अशा चढत्या यादीवर उपचारपद्धती उभी केली. त्यांच्या पद्धतीत स्नायू सैल सोडून कल्पनेत एकेक प्रसंग आणायचे. आता प्रत्यक्ष करण्यावर जास्त भर असतो. तुमच्या बाबतीत सर्वांत खालची पायरी म्हणजे सहकाऱ्याला त्याच्याच टेबलाशी उभं राहून एक तक्ता समजावणं. मग तो आहे तोवर बैठकीत एकाच प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीऐवजी तोंडाने देणं. मग फक्त खर्चाचा भाग तुमचा. पूर्ण अहवाल सगळ्यांत वर. प्रत्येक वेळी आधी लिहून ठेवा: काय होईल असं वाटतंय? "सगळे हसतील", "आवाज बंद पडेल", जे असेल ते. नंतर शेजारी लिहा, खरंच काय झालं. हा दुसरा रकाना लोक आळसाने सोडतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

एकदम टोकाला जाणारेही असतात. अल्बर्ट एलिस हे नावाजलेले मानसोपचारतज्ज्ञ तरुणपणी स्त्रियांशी बोलायला प्रचंड घाबरत. १९ व्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलले. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे शंभर जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. भीती मात्र मोडली.

पण मान लाल होणं, धडधड यांबरोबर झोप उडाली असेल, रोजचं कामही जमेनासं झालं असेल, तर एकट्याने शिडी चढू नका. प्रत्यक्ष भेटून कुणा तज्ज्ञाची मदत घ्या.

तिरकस

त्या शंभर जणींना कुणी विचारलं का, की त्यांची दुपार कशी गेली? असो. शिडी पटली. माझा आधीचा प्रश्न मागे.

खडूफळा

निवृत्त शिक्षक. आयुष्य फळ्यासमोर गेलं, तरी नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी घसा कोरडा व्हायचाच. तो शेवटपर्यंत व्हायचा. मनोवेध म्हणतात ते बरोबर, पण भीती शून्यावर येईल अशी वाट पाहू नका. ती असताना बोलता येतं.

आवाजाचं म्हणाल तर पहिली दोनच वाक्यं घोटून ठेवा, बाकी पाठ करू नका. पाठ केलेलं एक शब्द निसटला की सगळंच कोसळतं. आकडे पडद्यावर असतीलच, ते आठवायचे कशाला? उत्तर येत नसेल तर "तपासून संध्याकाळपर्यंत कळवते" म्हणायचं आणि पुढे जायचं. मला हे म्हणायला फार वर्षं लागली नाहीत, कारण मुलं खोटं लगेच पकडतात.

आणि त्या लाल मानेबद्दल. गिलोविच या मानसशास्त्रज्ञाचा आणि सहकाऱ्यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट देऊन इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असेल. प्रत्यक्षात ओळखलं होतं पावएक लोकांनी. तुमच्या बैठकीत निम्मे जण तर आपापल्या विभागाचा आकडा किती खाली आलाय याच काळजीत असतील.

अबोली

शिडी कागदावर उतरवली. पहिल्या पायरीला त्याने तक्त्यावर दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं दिली. रकान्यात "आवाज बंद पडेल" लिहिलं होतं. बंद पडला नाही, कापला. तसंच शेजारी लिहून ठेवलं. पुढच्या बैठकीत खर्चाचा भाग माझा आहे आणि त्यात ते बिल येतं. तो शेजारीच बसलेला असेल. त्याच्या आधीच्या विधानाविरुद्ध बोलल्यासारखं होणार, त्याचं काय करू?

मनोवेध

आदल्या दिवशी त्याला सांगून टाका: "हे बिल पुढे ढकललंय, मी तसं म्हणणार आहे." तीही एक पायरीच समजा, कदाचित बैठकीपेक्षा वरची. बैठकीत त्याचं नाव न घेता फक्त तारीख आणि रक्कम सांगा.

खडूफळा

सहमत. आणि पडद्यासमोर मध्येच उभ्या राहू नका. बसलेल्यांच्या डाव्या हाताला राहिलात की ओळ जिथून सुरू होते तिथे बोट दाखवता येतं. रिमोटची बॅटरीही आदल्या दिवशी बघून ठेवा.