मदत हवी आहे : तराजूनंतर ऋण संख्या कशा समजावून द्याव्यात?

नमस्कार. मी कोथरूडमध्ये नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांना घरी गणित शिकवते. दहावीला ४०-४० गुणांचे दोन पेपर असल्याने पालकांचा रोख सरावावर असतो आणि मुलेही रीत पाठ करून मोकळी होतात. ‘३क्ष + ५ = २०’ मध्ये ‘पाच पलीकडे नेले की वजा होतात’ एवढेच त्यांना ठाऊक असते; दोन्ही बाजूंतून पाच वजा केले हे कळलेले नसल्यामुळे ‘३क्ष = १५’ आले की काही जण तोच नियम लावून क्ष = १२ लिहितात.

यावर तराजूचे चित्र फार उपयोगी पडले. एका मुलीने दोन्ही पारड्यांतील पाच-पाच स्वतःहून खोडले आणि पुढचे गणित मला न विचारता सोडवले, त्याचे समाधान कोणत्याही मानधनापेक्षा मोठे आहे.

मात्र ‘३क्ष + २० = ५’ आले की तराजू थांबतो, कारण ऋण वजन पारड्यात ठेवता येत नाही. संख्यारेषा आणि उधारीचा हिशेब हे दोन्ही मी वापरून पाहिले. बेरीज-वजाबाकी त्यांतून समजते, परंतु ऋण गुणिले ऋण धन का, हे मुलांना मनापासून पटत नाही. अनुभवी शिक्षकांनी ते कसे पटवून दिले, हे कृपया उदाहरणासह आणि इयत्तेच्या उल्लेखासह सांगावे.